पलीकडचा रणगाडा

मी एक जुना लाकडी रणगाडा आहे. बोटभर लांब, रंगाने तपकिरी, आणि माझी तोफ म्हणजे डोके कापलेला एक खिळा आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मी खेळणे आहे. तसे समजू नका. माझ्याशी आजवर एकही मूल खेळलेले नाही, आणि माझ्याकडे बघून मोठमोठ्या माणसांची पाचावर धारण बसलेली मी पाहिली आहे.

माझा जन्म एका सरकारी इमारतीच्या तळघरात झाला. तिथे एक सुतार बसायचा. खुर्च्यांचे लटलटणारे पाय बसवणे आणि फुगलेल्या खिडक्या तासणे हे त्याचे खरे काम. एके दिवशी त्याला वरून हुकूम आला, की आपले सैन्य आणि नदीपलीकडच्या शेजाऱ्यांचे सैन्य अशी दोन्ही सैन्ये लाकडात करून हवीत. आपले निळे, पलीकडचे तपकिरी. आपले घासून गुळगुळीत करायचे, पलीकडचे ओबडधोबड राहिले तरी चालतील, असेही त्याला बजावले गेले. सुतार मनातून चिडला. दोन्ही सैन्ये एकाच मोडक्या दाराच्या फळीतून निघत होती, मग एकाला रंधा आणि दुसऱ्याला नुसती करवत, हे त्याच्या हाताला पटेना. पण नोकरी म्हटल्यावर तोंड बंद ठेवावे लागते. त्याने आपला सगळा राग आणि सगळी हौस एका छोट्या निळ्या पुलात ओतली. बारीक पट्ट्यांचा तो पूल सगळ्यांत देखणा होता. मी मात्र फळीच्या गाठाळ टोकातून निघालो आणि जन्मापासूनच उग्र दिसलो.

मी म्हणजे एक रणगाडा नव्हे, हे आधी सांगून टाकतो. मी म्हणजे पलीकडच्यांच्या रणगाड्यांची अख्खी ब्रिगेड. तो निळा पूल म्हणजे आपल्याकडची एक तुकडी. नदीवर पूल बांधणे आणि नदीकाठी सुरुंग पेरणे, अशी दोन्ही कामे त्या तुकडीतली माणसे करत. आमच्यासारख्या सोंगट्या मांडायला वरच्या मजल्यावर एक मोठा पट होता. त्यावर प्लास्टरचे डोंगर, खडूच्या रंगाचे रस्ते आणि मधोमध काचेच्या पट्टीची नदी होती. खोलीत एकही खुर्ची नव्हती, कारण बसलेला माणूस फार बोलतो असे त्या ऑफिसच्या पहिल्या प्रमुखांचे मत होते. दर सोमवारी सगळे अधिकारी पटाभोवती उभे राहत आणि दोघांपैकी कोण वरचढ होत चालला आहे याचा अंदाज बांधत.

अंदाज बांधायची रीतही त्या पहिल्या प्रमुखांनीच घालून दिलेली होती. जे चालत नाही ते आपल्या दारापर्यंत येत नाही, आणि जे येत नाही त्याचा विचार करून डोके शिणवू नये, असे ते म्हणत. म्हणून पटावर फक्त चालणाऱ्या गोष्टी. प्रत्येक तपकिरी सोंगटी आपल्यातल्याच एका माणसाला सांभाळायला दिलेली असे. आताचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, लांब काठीचे टोक सोंगटीवर ठेवून विचारत, "चालतो?" सांभाळणारा म्हणे, "चालतो." मग काठी पुढच्या सोंगटीवर जाई. नाही म्हणायचे असेल तर सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने सोंगटी उचलून खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकावी लागे. उद्या ती खरोखरच चालून आली, तर उचलणाऱ्याची मान गेलीच म्हणून समजा. त्यामुळे डबा कायम रिकामा असायचा आणि पट भरत राहायचा.

ते माझे वैभवाचे दिवस होते. पाहुणे आले की साहेब आधी मला दाखवत. माझ्याकडे बोट करून त्यांनी दोन नव्या पलटणी पदरात पाडून घेतल्या. आपले निळे वाढले की पलीकडचे घाबरून त्यांचे वाढवत. त्यांचे वाढलेले पाहून आपण आणखी वाढवत असू. सुताराला मान वर करायला फुरसत मिळेना आणि इमारतीतल्या खुर्च्यांचे पाय तसेच लटलटत राहिले. मला याचे काही वाईट वाटत नव्हते. लाकडाला भाव मिळाला तर लाकूड खूशच असते.

माझा सांभाळ एका बाईंकडे होता. ऑफिसात त्यांना सगळे नुसते बाई म्हणत. सडपातळ अंग, बोलणे तोडून टाकल्यासारखे, आणि कामात कोणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. विमानातून काढलेले फोटो भिंगाखाली धरून बघणे आणि पलीकडच्यांची वायरलेसवरची बोलणी ऐकणे यात त्यांचा दिवस जाई. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन त्या मला उचलत, रुमालाच्या टोकाने पुसत आणि परत जागेवर ठेवत. इतक्या माणसांत माझ्यावरची धूळ फक्त त्यांनाच दिसायची.

बाईंना एक धाकटा भाऊ होता. आई लवकर गेली, तेव्हा बाईंनीच त्याला शाळेत घातले, त्याचे डबे भरले आणि त्याची दुखणी काढली. लग्नाचा विषय त्यांनी कधी घरात येऊच दिला नाही. मोठा होऊन तो सैन्यात गेला आणि नेमका निळ्या पुलाच्या तुकडीत लागला. म्हणजे पटावर मी काचेच्या नदीच्या एका काठाला आणि बाईंचा जीव दुसऱ्या काठाला, असे आम्ही समोरासमोर उभे होतो. माझ्यामुळे त्या तुकडीला काठावरच्या चिखलात सुरुंग पेरावे लागत. पेरताना अधूनमधून एखादा हाताखालीच फुटायचा.

एकदा धाकटा काठावरचा अहवाल घेऊन ऑफिसात आला. पटाच्या खोलीत तेव्हा बाई एकट्याच होत्या. त्याने मला चिमटीत धरले, डोळ्यांजवळ नेले आणि हसला. त्याच्या बोटांच्या चिरांत चिखल बसलेला होता.

"हाच का तो? याच्यापायी आम्ही तिथे मरतोय?"

"जिथून उचललास तिथे ठेव," बाई म्हणाल्या.

त्याने मुद्दाम मला जरा वाकडे ठेवले. लहानपणापासून तो असाच चिडवायचा. मग एकदम गंभीर होऊन त्याने सांगितले, की त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या मित्राचा हात मनगटापासून गेला, आणि त्या मित्राची पत्रे आता तोच लिहून देतो. निघताना दारात थांबून तो म्हणाला, "ताई, तूच उचल ना याला. हा गेला की आम्ही घरी."

बाई पटाशी आल्या. त्यांनी मला सरळ केले. पण त्यांचा हात माझ्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला, तेव्हाच मी समजलो की आता माझे काही खरे नाही.

कारण मी चालत नव्हतो, मित्रांनो. बाईंना ते कळून चुकले होते. त्या वर्षी पलीकडे खाणींत पाणी भरले होते आणि पाणी उपसायला पंप कमी पडत होते. त्यांनी रणगाड्यांची इंजिने काढून पंपांना जोडली. वायरलेसवर त्यांचा एक मिस्त्री इंजिने परत मागून मागून रडकुंडीला आला होता, आणि त्याला वरून नुसत्या शिव्या मिळत होत्या. फोटोंत ते रणगाडे महिनोन्‌महिने तिथेच दिसत. त्यांच्याखालून गवत वर आले होते.

पुढच्या सोमवारी काठी माझ्यावर आली आणि बाई म्हणाल्या, "नाही चालत."

साहेब आवाज कधी चढवत नसत. लहान मुलाशी बोलावे तसे गोड बोलत आणि ऐकणाऱ्याची चामडी सोलून काढत. त्यांनी बाईंचे सगळे ऐकून घेतले, काठीने स्वतःच्याच बुटावर टकटक केले आणि विचारले, "बाई, भाऊ नदीवर आहे ना तुमचा? मग त्या रणगाड्यांत तुम्हाला इंजिन कसं दिसेल?"

खोलीत हशा पिकला. साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. बाईंना धोका नाही याची इतकी खात्री आहे, तर त्यांच्या भावाला आणखी पुढे ठेवायला काय हरकत आहे, असे त्यांनी सगळ्यांना हसत हसत विचारले. कोणीच हरकत घेतली नाही. धाकट्याची तुकडी त्याच आठवड्यात अगदी पाण्याच्या कडेला नेली गेली. साहेबांनी ही गंमत म्हणून केली होती. काठीने निळा पूल बोटभर पुढे सरकवताना ते गुणगुणत होते.

आता बाईंना मागे हटता येईना. मागे हटावे तर भावासाठी खोटे बोललो असे कबूल केल्यासारखे होणार. गप्प बसावे तर भाऊ पाण्याच्या कडेला. त्यांनी घरी जाणेच जवळजवळ सोडले. डोळ्यांत तेल घालून जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावले आणि शेवटी त्यांना हवी ती गोष्ट सापडली. पलीकडच्यांनी आपल्या रणगाड्यांभोवती माती लोटली होती. एकेक रणगाडा खड्ड्यात बसवून मानेपर्यंत पुरला होता. वर फक्त घुमट आणि तोफ राहिली होती.

त्या सोमवारी बाईंनी ते फोटो पटावर माझ्या शेजारी पसरले. भिंग फिरत फिरत हातोहात गेले. आज कोणी हसले नाही.

"चालणाऱ्या गोष्टीला कोणी मानेपर्यंत पुरतं का?" बाईंनी विचारले.

साहेबांनी फोटोंवरून बराच वेळ नजर फिरवली. त्या खोलीत इतकी शिकलेली डोकी होती, पण प्रश्न एकच होता आणि त्याचे उत्तर स्वच्छ होते. पुरलेली गोष्ट चालत नाही. आणि चालत नाही ती पटावर नाही.

"उचला," साहेब म्हणाले.

बाईंनी मला उचलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डब्याचे झाकण उघडले आणि मी आत पडलो. झाकण तसेच उघडे राहिले, त्यामुळे पुढचे सगळे मला ऐकू आले. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांना वाटले, आता भीती गेली, आता काठावर माणसे कशाला ठेवतील. मला म्हणाल तर मलाही तसेच वाटले. मी लाकूड आहे. पण बाई तर माणसांत वाढल्या होत्या.

साहेबांनी माझ्या रिकाम्या जागेवर काठी टेकवली.

"इतकी वर्षं आपण या ठोकळ्याला घाबरून बसलो होतो. आता वाट मोकळी आहे. त्यांची नवी इंजिनं येण्याआधी आपण जायचं."

"मी जायचं म्हटलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला ते विचारलंच नव्हतं, बाई."

मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. मी उभा होतो तोवर पलीकडचे बलवान दिसत होते, म्हणून कोणी नदी ओलांडत नव्हते. बाईंनी खरे सांगितले आणि पलीकडचे दुबळे दिसू लागले. दुबळा दिसणाऱ्या शेजाऱ्याला सोडायचे कशाला, असा विचार त्या खोलीतल्या झाडून सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आला. बाई धावत डब्याकडे आल्या. त्यांची बोटे माझ्यावर टेकली. तेवढ्यात साहेबांनी तिथूनच शांतपणे आठवण करून दिली, की डब्यातली सोंगटी परत मांडायची असेल तर ती चाललेली दाखवावी लागते. "दाखवता का?" बाईंनी हात मागे घेतला. त्यांच्याजवळ होता तो सगळा पुरावा माझ्या विरुद्धचाच होता, आणि तो त्यांनी स्वतःच गोळा केलेला होता.

ज्या दिवशी जायचे ठरले त्या दिवशी उजाडतानाच सगळे पटाभोवती जमले. फोनवाला कोपऱ्यात कानाला फोन लावून उभा होता. साहेबांनी निळा पूल काचेच्या नदीवर आडवा ठेवला. तो तिथे अगदी फिट बसला. सुताराने त्याची लांबी मापून केली होती. पाठोपाठ निळ्या पलटणी रांगेने पुलाकडे सरकल्या. मग साहेबांनी नदीवरची बातमी विचारली, तेव्हा फोनवाला अडखळत बोलला.

मानेपर्यंत पुरले तरी मान फिरतेच. इंजिन काढून नेले तरी तोफ जागेवर राहते. चालता येत नाही म्हटल्यावर पलीकडच्यांनी आपल्या रणगाड्यांचा कोट केला होता आणि तोफा नदीच्या सर्वांत अरुंद जागेकडे वळवून ठेवल्या होत्या. पूल बांधायला दुसरी जागाच नव्हती. हे सगळे बाईंच्या फोटोत होते. तोफेचे तोंड कुठे आहे हे बघायला भिंगाचीही गरज नव्हती. पण आमच्या पटावर प्रश्न एकच विचारायची रीत होती. ते आपल्याकडे येऊ शकतात का, एवढेच विचारायचे. आपण त्यांच्याकडे गेलो तर काय, हे विचारायला कोणाची जीभ कधी वळलीच नाही.

त्यांनी पूल पुरा होऊ दिला. शेवटची पट्टी बसेपर्यंत वाट पाहिली आणि माणसे त्यावर आल्यावर तोफा सुरू केल्या.

"त्या तुकडीतलं कोणी परत आलं का?" बाईंनी विचारले.

फोनवाल्याने नकारार्थी मान हलवली. साहेबांनी काठीच्या आकड्याने निळा पूल ओढून घेतला आणि डब्यात टाकला. जी सोंगटी चालत नाही ती पटावर ठेवायची नाही. तो माझ्या अंगावर येऊन पडला आणि त्याची एक पट्टी तुटली. मग साहेब बाईंकडे वळले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. ते मनापासून कौतुक करत होते, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते.

"बाई, तुमचं बरोबर होतं. एकही रणगाडा जागचा हलला नाही."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी पटाची कड दोन्ही हातांनी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. त्या खोलीत खुर्ची नव्हती.

पुढे चौकशी झाली. बाईंचा अंदाज अचूक होता, साहेबांचा बेत चोख होता, फक्त पूल बांधायला उशीर झाला, असा निकाल लागला. म्हणजे खापर मेलेल्यांच्या माथी फुटले आणि त्यांतला एक धाकटा होता. बाईंना अचूक कामाबद्दल वरची जागा मिळाली. पत्र घेऊन शिपाई आला तेव्हा त्या डब्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी पत्र न उघडता खिडकीत ठेवले, निळा पूल आणि त्याची तुटकी पट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि मला मुठीत घेतले.

सोमवारी साहेब काठी घेऊन आले तेव्हा मी माझ्या जागेवर उभा होतो. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. साहेबांनी काठी माझ्यावर ठेवली.

"चालतो?"

"चालतो," बाई म्हणाल्या.

"पुरावा?"

"नदीत आहे."

साहेबांची काठी थोडा वेळ माझ्या डोक्यावर तशीच राहिली. मग ती पुढच्या सोंगटीवर गेली.

तेव्हापासून मी उभा आहे. साहेब बढती घेऊन गेले, दुसरे आले, तेही गेले. सुतार म्हातारा होऊन गेला. पलीकडे रणगाडे गंजत गेले, पंपांना लावलेली इंजिनेही केव्हाच भंगारात गेली. बाईंना सगळे दिसत होते. तरी दर सोमवारी त्या न चुकता "चालतो" म्हणत. एवढ्या सचोटीच्या बाई, ज्यांना दुसऱ्याने मारलेली थापही सहन व्हायची नाही, त्यांनी उरलेली सगळी नोकरी एका खोट्या शब्दावर काढली. मला त्याचा अभिमान वाटतो आणि कीवही येते. नदीवर तेवढी वर्षे कोणी पूल टाकला नाही. काठावरची पोरे पत्ते खेळून वेळ काढत आणि सुट्टीत घरी जात. त्यांच्या बहिणींना बाईंचे नावही माहीत नव्हते.

निवृत्त होताना बाईंनी पुढच्या माणसाला एवढेच सांगितले, की याच्याबद्दल विचारले तर चालतो म्हणायचे. त्याने कारण विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्याने ते त्याच्या पुढच्याला सांगितले.

आता मला सांभाळायला एक नवा अधिकारी आला आहे. हुशार आहे, मेहनती आहे, खोटे त्याला खपत नाही. त्याच्याकडचे फोटो इतके स्वच्छ आहेत, की तोफेच्या तोंडात पक्ष्याने केलेले घरटेही दिसते. त्याची एक बहीण काठावरच्या दवाखान्यात नर्स आहे, असे मी ऐकले. गेल्या सोमवारी काठी माझ्यावर आली तेव्हा त्याने लगेच उत्तर दिले नाही. बराच वेळ तो माझ्याकडे बघत होता. अशी नजर मी पूर्वी एकदा पाहिली आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी ना कोणी मोठे होऊन या खोलीत येईल. माझा रंग उडाला आहे, तोफेचा खिळा गंजला आहे, गाठीपाशी मला चीर गेली आहे. माझी निगा राखा. जमले तर एक हात तपकिरी रंग द्या. मऊ फडक्याने पुसत जा. पण पुसताना मला उचलू नका, एक बोट माझ्यावर दाबून धरा आणि जागेवरच पुसा. शेवटची कित्येक वर्षे बाई मला तसेच पुसत होत्या.